शेंदराखालची पाटी

गौहरच्या सासूबाईंना कोणी विचारलं, "तुमची सून करते काय?" तर त्या म्हणतात, "दुसऱ्याच्या घरी रडारड झाली की आमच्या सुनेला फोन येतो." एवढं बोलून त्या स्वतःच हसतात आणि गौहरही हसते. तिच्या कामाची याहून सोपी ओळख मलाही करून देता आलेली नाही.

गौहर मुलाणी माझी भाडेकरू. बारामतीत आमच्या घराची रस्त्याकडची खोली गेली काही वर्षं तिचं ऑफिस आहे. एखादी कंपनी कर्ज फेडू शकत नाही, प्रकरण न्यायाधिकरणात जातं, आणि तिथून नेमलेले एक अधिकारी कंपनीचा ताबा घेतात. कंपनी विकण्याआधी तिच्यात काय काय आहे आणि त्याची किंमत काय, हे त्रयस्थ माणसाकडून ठरवून घ्यावं लागतं. जमिनीची आणि इमारतींची किंमत ठरवणारे वेगळे असतात. गौहर यंत्रांची किंमत ठरवते. तिचं वय सेहेचाळीस. अंगानं बारीक, चालणं भरभर, डोक्यावरची ओढणी मागं सरकली की एका हातानं पुढं घेण्याची सवय.

सुरुवातीला मला या कामाचा अर्थच लागत नव्हता. तेव्हा तिनं माझ्या शिवणयंत्राकडं बोट दाखवलं.

"काकू, हे मशीन चालू आहे. एखादी शिवणारी बाई आली तर ती याची एक किंमत देईल. ही झाली चालत्या मशीनची किंमत. आता समजा तुम्हाला घाई आहे, आजच्या आज विकायचंय आणि दारात फक्त भंगारवाला उभा आहे. तो काय करेल?"

"तराजू काढेल."

"तो तुमच्या मशीनकडं बघणारसुद्धा नाही, काट्याकडं बघेल. या दोन्ही किमती मी लिहून देते. मशीन तेच, माणूस बदलला की किंमत बदलते."

तिचे वडील इमामभाई कसब्यात रसवंतीचे चरक आणि ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. आमच्या यजमानांची आणि त्यांची ओळख होती. यजमान साखर कारखान्यात केमिस्ट होते आणि घरचा पंप बिघडला की इमामभाईंनाच बोलवायचे. त्या वेळची गौहर मला आठवते: दोन वेण्या, हाताला ग्रीस, आणि वडलांनी मागायच्या आधी पाना पुढं करणारी. पुढं तिनं डिप्लोमा केला, एका कंपनीच्या मेन्टेनन्स विभागात नोकरी केली, शाहिदशी लग्न झालं. शाहिद शाळेत गणित शिकवतो. तो फार कमी बोलतो. दोन मुलं झाल्यावर पाळीची नोकरी जमेना, म्हणून तिनं विमा कंपन्यांसाठी जळालेल्या, बुडालेल्या यंत्रांची पाहणी करायला सुरुवात केली. नवीन दिवाळखोरी कायदा आला तेव्हा तिनं मूल्यांककाची परीक्षा द्यायचं ठरवलं.

त्या परीक्षेमुळे ती माझ्याकडं आली. यंत्रं तिला पाठ होती, पण कायद्याच्या इंग्रजीनं तिला पहिल्या खेपेला नापास केलं. मी पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. तिथल्या सिस्टरांनी आमच्याकडून इंग्रजी वाक्यं तुकडे करकरून घोटून घेतली होती, तसंच आम्ही दोघींनी ते कायद्याचं पुस्तक तुकडे करून वाचलं. दुसऱ्या खेपेला ती पास झाली, पेढे घेऊन आली, आणि म्हणाली, "काकू, खालची खोली भाड्यानं द्याल का?"

अजूनही तिच्या अहवालातलं इंग्रजी मी तपासते. मात्र कंपनीचं नाव आणि आकडे यांच्यावर ती कोरा कागद लावून फोटोकॉपी काढते आणि मगच मला देते. एकदा मी गमतीनं तो कागद उचलायचा आव आणला, तर तिनं खरोखरच माझा हात धरला. ती त्या बाबतीत अजिबात गंमत करत नाही.

नातेवाइकांना मात्र तिच्या कामाची भारी गंमत वाटते. लग्नकार्यात कोणी ना कोणी तिला गाठतं, "गौहर, आमच्या फ्रीजचे किती येतील गं?" मागं तिच्या नणंदेनं भर पंक्तीत विचारलं, "आणि आमच्या दादाचे?" गौहर बिर्याणीचा घास चावून शांतपणे म्हणाली, "चालू स्थितीत आहे. पण आवाज येत नाही."

आता लोणी देवकरचं सांगते. तिच्याबद्दल लिहायला बसले ते त्या दिवसामुळेच.

दसऱ्यानंतरचा आठवडा होता. इंदापूरला माझी जाऊ विजयमाला राहते. तिचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं होतं म्हणून मला जायचं होतं. गौहर म्हणाली, "मी लोणी देवकरला चाललेय, भिगवणवरून. वाटेत माझं दोन तासांचं काम आहे. तुम्ही गेटवरच्या खोलीत बसा, मग मी तुम्हाला इंदापूरला सोडते." मी पर्समध्ये वही आणि चष्मा टाकला आणि निघाले.

तिचं काम होतं तो कारखाना डाळिंबाचा होता. डाळिंबं फोडायची, यंत्रानं दाणे मोकळे करायचे, काही दाणे गोठवायचे, उरलेल्यांचा रस काढून बाटल्यांत भरायचा. चांगला चालत असताना निरवांगीहून आणि आसपासच्या गावांतून बायकांची गाडी भरून यायची. मालकानं नको तेवढं मोठं कोठार बांधलं, कर्ज अंगावर आलं आणि दोन वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला. आता ताबा पुण्याच्या एका साहेबांकडं होता, आणि त्यांच्या वतीनं गेटवर आबाजी नावाचे वयस्क वॉचमन बसायचे.

आम्ही पोचलो तर गेटपाशी निरवांगीहून आलेल्या पाच-सात बायका आधीच उभ्या. त्यांच्या पुढं साखरबाई. पन्नाशीच्या, उंच, कपाळावर मोठं कुंकू. दाणे काढायच्या यंत्रावर त्या पहिल्यापासून होत्या.

"तुमीच का मोजणीवाल्या बाई?" त्यांनी गौहरला विचारलं.

"हो. तुम्ही कशाला आलात?"

"कशाला म्हंजी? मशिनी आमच्या हायत्या."

आबाजी म्हणाले, "ह्यांच्या कशाच्या? कोर्टाच्या हायत्या."

"कोर्टानं पुसल्यात का कधी?" साखरबाई म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं लवकरच कळलं. मागच्या आठवड्यात दुसरे एक मूल्यांकक येऊन गेले होते. नियमाप्रमाणे दोघांनी वेगवेगळी किंमत काढायची असते. त्या साहेबांनी आत फेरी मारली आणि बाहेर पडताना आबाजींना विचारलं, सगळं मिळून लोखंड किती टन असेल? तो प्रश्न निरवांगीपर्यंत पोचला. लोखंडाच्या भावानं गेलं म्हणजे भंगारवाले येणार, गॅस कटरनं कापणार, ट्रक भरणार. मग कारखाना कधीच चालू होणार नाही, हे त्या बायकांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"बाई, एवडंच बगा," साखरबाई म्हणाल्या, "ह्यो कारखाना एका दमात कुनी घ्यावा. तुकडं करून नगं. तुकडं झालं तर आमाला पुन्ना उसाच्या फडात जावं लागंल. माझ्या गुडघ्याला फड सोसत न्हाय आता."

"मी कोणाला विकायचं ते ठरवत नाही, मावशी. मी फक्त काय आहे ते लिहिते."

"मग चांगलं लिवा."

"आहे तसं लिहिते."

एका बाईनं थर्मासमधला चहा पुढं केला. गौहरनं मानेनंच नको म्हटलं. कामाच्या जागी ती पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं पिते.

"का वो, आमचं चालत न्हाय व्हय?" ती बाई दुखावून म्हणाली.

"तुमचं चालतं. पण उद्या कोणी म्हणालं की चहा पाजून भाव वाढवून घेतला, तर?"

"एका चानं भाव वाढत आसंल," साखरबाई म्हणाल्या, "तर म्या पातेलं घिऊन येते की."

सगळ्या हसल्या. गौहरही हसली, पण चहा तिनं घेतला नाही. तो मला मिळाला.

आबाजींनी शटर उघडलं. मला खरं म्हणजे गेटवरच बसायचं होतं. पण ती खोली पत्र्याची, तापलेली, म्हणून आबाजींनीच माझी खुर्ची शेडच्या दारात सावलीला आणून ठेवली. त्यामुळे आतलं मला सगळं दिसत होतं.

बंद कारखाना म्हटल्यावर मी धूळ, कोळिष्टकं, कबुतरं अशी कल्पना केली होती. इथं फरशी धुतलेली होती. यंत्रांना चांदीसारखा रंग दिलेला. प्रत्येक यंत्राला झेंडूची माळ, जरा सुकलेली. आणि प्रत्येकाच्या पुढच्या बाजूला, माणसाच्या छातीच्या उंचीवर, तळहाताएवढा शेंदराचा जाड थर.

गौहर पहिल्या यंत्रापाशी गेली. तिनं पिशवीतून विजेरी काढली, लोहचुंबक काढलं, आणि दातांच्या डॉक्टरांकडं असतो तसा दांडीचा छोटा आरसा काढला. यंत्राच्या चारही बाजूंनी फिरली. मग दुसऱ्यापाशी गेली, तिसऱ्यापाशी गेली. परत पहिल्यापाशी आली आणि त्या शेंदराकडं बघत उभी राहिली.

"पाटी कुठं आहे?" तिनं विचारलं.

"कसली पाटी?"

"कंपनीची. यंत्र कोणी बनवलं, कोणत्या साली, त्याचा नंबर, सगळं त्या पाटीवर असतं."

साखरबाई उजळल्या. "हितंच हाय की. शेंदराच्या खाली. तेच तर तिचं कपाळ!"

मग उलगडा झाला. कारखाना चालू असताना खंडेनवमीला बायका प्रत्येक यंत्राच्या पाटीला कुंकवाचं बोट लावायच्या. सगळ्या यंत्रात गुळगुळीत, चकचकीत, अक्षरं कोरलेली तेवढी एकच जागा. कपाळ म्हणून दुसरं काय धरणार? कारखाना बंद पडल्यावर त्यांना वाटलं, एका बोटानं भागायचं नाही. मग पहिल्या वर्षी तेलात कालवून शेंदूर लावला. या वर्षी मोजणीवाले येणार हे कळलं होतं, म्हणून पुण्याच्या साहेबांची फोनवर परवानगी काढून त्या आल्या, यंत्रं धुतली, पदरचे पैसे घालून रंग आणला, आणि पाट्यांवर शेंदराचे थरावर थर चढवले. यंत्रं विकली जाण्याच्या वेळी त्यांनी प्रसन्न असावं, हा हेतू.

गौहरनं विजेरी विझवली. मग ती एका पिंपावर बसली आणि तिनं त्यांना समजावून सांगितलं. कंपनीच्या दप्तरात यंत्रांचे नंबर लिहिलेले आहेत. पाटीवरचा नंबर त्याच्याशी जुळला तरच हे यंत्र तेच, असं ती लिहू शकते. नंबर कळला तर बनवणाऱ्याला विचारता येतं, याचे सुटे भाग अजून मिळतात का, नव्याला आज काय पडेल. नंबर नाही तर ओळख नाही, आणि ओळख नसलेल्या यंत्राला एकच भाव लावता येतो.

"कंचा?"

"काट्याचा."

म्हणजे आधी येऊन गेलेल्या साहेबांनी टनांचा प्रश्न का विचारला, तेही सगळ्यांना एकदम समजलं. बॉयलरचा नंबर तेवढा लोखंडात ठोकून घातलेला होता, तो दिसत होता. बाकीच्या प्रत्येक यंत्राचं कपाळ झाकलेलं.

एक तरुण बाई रडवेली झाली. "आमीच घालवलं की गं सगळं, आत्या."

"रडू नगं. खरवडून काढू," दुसरी म्हणाली.

"देवाचा शेंदूर खरवडत्यात व्हय?" साखरबाई तिच्यावर ओरडल्या. "वर्षाच्या वर्षाला पुजलेली वस्तू हाय. सुरी लावशील तिला?"

गौहर म्हणाली, "सुरी लावूच नका. पाटी ॲल्युमिनियमची असते, अक्षरं निघून जातील. आणि मी तर हात लावणार नाही."

"तुमच्यात शेंदूर न्हाय म्हनून?"

"आमच्यात नाही. पण माझ्या वडलांच्या दुकानात खंडेनवमीला पान्या-पकडीला झेंडू असायचा. चरक दुरुस्तीला आला आणि त्याला हळदकुंकू असलं की ते गिऱ्हाइकाला सांगायचे, आधी तुम्ही पुसा, मग मी खोलतो. तुम्ही लावलंय, तुम्हीच उतरवायचं. उतरवायचं नसेल तर मी तसं लिहीन. ‘पाटी दिसली नाही.’"

तिचा आवाज चढलेला नव्हता. आबाजी दारात तंबाखू मळता मळता बघत होते. मला वाटलं, आता आम्ही निघणार, आणि त्या बायका दोन वर्षं ज्या गोष्टीसाठी हे शेड झाडत होत्या ती गोष्ट संपली.

साखरबाई यंत्रापुढं उभ्या होत्या. त्यांनी शेंदराला बोट लावून पाहिलं.

"आमच्या गावच्या म्हसोबाचं कवच उतरीवलं हुतं," त्या हळूच म्हणाल्या. "माझं लगीन झालं त्या साली. थरावर थर चढून देव एवडा जाड झाला हुता, नाकडोळं दिसंनात. मग भगतानं कोमट तेल घातलं, धोतराच्या फडक्यानं मऊ करून सगळं उतरीवलं, आन् वाजतगाजत नेऊन नीरंत सोडलं. देव कोपला न्हाय. उलट मोकळा झाला म्हनायचा भगत."

"मग?" गौहरनं विचारलं.

"मग काय मग? आबाजी, चूल हाय का तुमच्याकडं?"

त्यानंतरची धावपळ पाहण्यासारखी होती. गौहरनं आधी पुण्याच्या साहेबांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवून सगळ्यांदेखत परवानगी घेतली: पाट्या साफ करायच्या आहेत, कामगार करतील, मी समोर उभी राहून आधीचे आणि नंतरचे फोटो काढीन. साहेबांनी दोनदा विचारलं, "शेंदूर? कशावर?" तिसऱ्यांदा ते हसले आणि हो म्हणाले. आबाजींच्या स्टोव्हवर गोडेतेल कोमट झालं. साखरबाईंनी पहिल्या यंत्रापुढं नारळ ठेवला, हात जोडले, "आई, राग मानू नगंस, तुझ्याच भल्याचं हाय," असं म्हणाल्या आणि तेलाचं फडकं शेंदरावर दाबून धरलं. एक जण फडकं धरायची, एक जण थर मऊ झाला की लाकडी उलथन्यानं अलगद सोडवायची, आणि एक जण तो ताटलीत झेलायची. एक तुकडाही खाली पडू दिला नाही.

शेवटी पाटीच्या खाचांत शेंदूर राहिला. पाटी उजळ आणि अक्षरं केशरी, त्यामुळे ती नेहमीपेक्षाही स्वच्छ वाचता येत होती. गौहर आनंदानं माझ्याकडं वळून म्हणाली, "काकू, बघा! असे फोटो तर मला कधी मिळाले नव्हते." ती नंबर मोठ्यानं वाचायची आणि दप्तराच्या नकलेशी ताडून बघायची. रस पिळण्याचं यंत्र जुळलं. बाटल्या भरण्याचं जुळलं. थंड करणारे दोन्ही कॉम्प्रेसर जुळले. वीज नव्हती, म्हणून ती प्रत्येक यंत्राचं चाक हातानं फिरवून बघायची. बायकांनी तेलपाणी केलेलं होतं; चाकं फिरत होती. प्रत्येक चाक फिरलं की मागं उभ्या असलेल्यांपैकी कोणी तरी "फिरलं गं बाई!" म्हणायचं, जणू काही पोरगं चालायला लागलं आहे.

दाणे काढायची दोन यंत्रं शेवटी राहिली. पहिलं जुळलं. दुसरं साखरबाईंचं. त्यांनी त्याचा शेंदूर दुसऱ्या कोणाला उतरवू दिला नाही. पाटी मोकळी झाली तशी गौहर वाकली, तिनं वाचलं, कागद पाहिला, परत वाचलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"नंबर जुळतोय. साल जुळत नाही."

दप्तरात ते यंत्र नवं घेतलं असं लिहिलेलं होतं. पाटीवरचं साल त्याच्या बारा वर्षं आधीचं. मालकानं परदेशातून वापरलेलं आणलं आणि नवं म्हणून दाखवलं, असा त्याचा अर्थ. साखरबाईंना वाचता येत नव्हतं, पण त्यांची सून स्वरूपा दहावी झालेली होती. मघाशी रडवेली झालेली ती हीच. तिनं पाटी वाचली, मनात हिशोब केला आणि सासूच्या कानात सांगितलं.

साखरबाई गौहरजवळ आल्या. "बाई, म्हंजी हिचा भाव कमी हुनार?"

"हो."

"लई?"

"बराच."

"मग ती एक पाटी तशीच ऱ्हाऊ द्या की. परत लावते म्या शेंदूर. कोन बगतंय?"

"मी बघितली ना, मावशी."

"बाकीच्या मशिनी तर दिसल्याच की तुमाला. एकीचं तोंड झाकून ठिवलं तर काय बिघडतं?"

बाकीच्या बायकाही आता गौहरकडं बघत होत्या. पदरचे पैसे घालून आणलेला रंग तिच्या समोर चकाकत होता. आबाजींनी मान वळवली. मला क्षणभर वाटलं, ही गप्प राहिली तर कोणाला कळणार? तेवढ्यात गौहर म्हणाली, "झाकलं तर मला दोनच गोष्टी लिहिता येतील. पाटी दिसली नाही, म्हणजे काट्याचा भाव. नाही तर पाटी पाहिली आणि नवं आहे, म्हणजे खोटं. घेणारा माणूस पैसे मोजायच्या आधी स्वतःचा इंजिनिअर आणतो. त्याला हे एक खोटं सापडलं, तर तो बाकीच्या पाट्यांवर विश्वास ठेवील का? तो सगळंच सोडून जाईल. म्हातारी आहे, पण चाक फिरतंय. मी तसंच लिहिणार. साल लिहिणार आणि चाक फिरतंय हेही लिहिणार."

साखरबाईंनी शेंदराची ताटली उचलली, पदरानं झाकली आणि बाहेर पडल्या. बाकीच्या त्यांच्या मागं गेल्या. शेंदूर उजनीच्या पाण्यात सोडायला नेला, असं आबाजींनी सांगितलं.

आम्ही इंदापूरला पोचेपर्यंत दिवे लागले होते. डोळ्याला हिरवं फडकं लावून वाट बघत बसलेली विजयमाला माझ्यावर चिडली होती. वाटेत गौहर रस्त्याकडं बघत गाडी चालवत होती. एकदाच म्हणाली, "त्यांना वाटलं असेल, मी त्यांच्याच हातानं त्यांचं नुकसान करून घेतलं."

"तसं झालं का?"

"माहीत नाही, काकू. आम्हाला शेवट कळत नाही. अहवाल बंद करून पाठवायचा. पुढं काय झालं ते कोणी सांगत नाही, आणि विचारायचंही नसतं."

त्या अहवालाचं इंग्रजी मी तपासलं. नाव आणि आकडे झाकलेले होते. एका यंत्रापुढं तिनं लिहिलं होतं, की पाटीवरचं साल दप्तराशी जुळत नाही; यंत्र जुनं आहे, नीट राखलेलं आहे, चाक हातानं सहज फिरतं, आणि बनवणारी कंपनी याचे भाग अजून पुरवते. हे शेवटचं तिनं परदेशी पत्र पाठवून विचारून घेतलं होतं. ते पत्र मीच लिहून दिलं होतं. अहवालात मी फक्त एक स्वल्पविराम बदलला.

हिवाळा गेला. गौहर एका सूतगिरणीच्या कामाला सांगलीकडं जाऊन आली. शाहिदची बदली झाली आणि रद्दही झाली. लोणी देवकरचा विषय तिनं काढला नाही, आणि मीही काढला नाही.

पुढं उन्हाळ्याच्या शेवटी, आंबे बहाराची डाळिंबं बाजारात यायला लागली तेव्हा, एका दुपारी फाटक वाजलं. साखरबाई होत्या. हातात कापडी पिशवी. ऑफिसचा पत्ता त्यांना आबाजींनी मिळवून दिला होता. मी त्यांना गौहरच्या खोलीत नेलं. गौहर त्यांना बघून उभी राहिली.

"कारखाना गेला," साखरबाई खुर्चीवर बसत म्हणाल्या.

गौहरनं पटकन विचारलं, "कापला?"

"कापला कशाला? सांगोल्याच्या मानसानं घेतला. सगळाच्या सगळा. त्याचा विंजनेर चार दिस पाट्या वाचत हिंडत हुता. सोमवारी चालू झाला."

"मग चांगलं झालं की!" मी म्हणाले.

"चांगलं झालं. पर दानं काढायचं माजं मशीन म्हातारं म्हनून एकाच पाळीला चालवायचं ठरिवलंय त्यानं. दुसरी पाळी न्हाय. आमी चाळीस जणी हुतो, त्यानं सव्वीस घेतल्या." त्या गौहरकडं सरळ बघत राहिल्या. "मला घेतलं. स्वरूपाला न्हाय घेतलं."

गौहरनं मान खाली घातली नाही, आणि बाजूही मांडली नाही. "घरी आहे का ती?"

"घरीच हाय. बोलत न्हाय माझ्याशी धड. म्हनती, आत्या, तुमी एक पाटी झाकून ठिवली आसती तर मी पन कामावर आसते."

"तुम्ही काय म्हणालात?"

साखरबाईंनी पिशवी मांडीवर सारखी केली. "म्या म्हनलं, त्यो विंजनेर काय आंधळा हुता का? त्यानं बी वाचलीच आसती. मग एक बी आसती न्हाय कामावर." मग त्या म्हणाल्या, "तिला पटत न्हाय. मला रातच्याला पटतं, सकाळी तिचं तोंड बगितलं की न्हाय पटत."

मग गौहर म्हणाली, "नव्या मशीनला किती दिवस लागतील, ते मालक काही बोलला का?"

"पुढच्या वर्सी बगू म्हनतो. तुमी सांगा की त्याला."

"मला सांगता येत नाही, मावशी. माझं काम तिथं संपलं."

"म्हाईत हाय मला. तरी बी म्हनून बगितलं." साखरबाई उठल्या. दारापर्यंत गेल्यावर त्या वळल्या. "बसस्टँडला कुठनं जवळ पडंल? चारच्या गाडीनं गेलं पायजे, उद्या सकाळी पाळी हाय."

"मी सोडते," गौहर म्हणाली. तिनं टेबलावरची किल्ली घेतली आणि त्या दोघी बाहेर पडल्या. खिडकीतून मी पाहिलं. गाडीत बसल्यावर साखरबाई हातवारे करून काही तरी सांगत होत्या. गौहरनं गाडी सुरू केली नव्हती. ती ऐकत होती.